प्रेक्षणीयतेची घडण : एकोणिसाव्या शतकातील प्रवासी छायाचित्रकार

मराठीत ‘प्रेक्षणीय स्थळ’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातील पहिल्या पदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘प्र’ या उपसर्गासह ‘ईक्ष्’ धातूला ‘अनीयर्’ हा कृत्य प्रत्यय लागून ‘प्रेक्षणीय’ हे रूप सिद्ध होते. कृत्य प्रत्ययांनी योग्यता किंवा कर्तव्यता सूचित होते. तेव्हा प्रेक्षणीय म्हणजे पाहण्यास योग्य, किंबहुना पाहिलेच पाहिजे असे. ही योग्यता स्थळाच्या अंगी उपजत असते, असे आपण गृहीत धरतो. पण जगातील कोणती स्थळे पाहण्यास योग्य आणि ती कोठून व कशी पाहावयाची, याविषयीच्या आजच्या समजुतींचा मोठा भाग १८३९ ते १८९० या अर्धशतकात घडला. ती घडण करणारांत प्रवासी छायाचित्रकारांचा वाटा फार मोठा आहे.

या छायाचित्रांना आज ऐतिहासिक साधनांचे स्थान प्राप्त झाले आहे. लेण्यांची पूर्वस्थिती, नष्ट झालेल्या वास्तू, जुन्या शहरांची रचना, लोकांचे वेश यांविषयी लिहिताना अभ्यासक त्यांचा आधार घेतात, आणि तो घ्यावयासच हवा. परंतु बखर किंवा ताम्रपट हाती आला की त्याचा कर्ता कोण, काळ कोणता, हेतू काय, हे प्रश्न आपण जसे प्रथम विचारतो, तसे छायाचित्राच्या बाबतीत विचारत नाही. यंत्राने घेतलेले चित्र म्हणजे वस्तूची साक्ष, अशी आपली समजूत असते. या समजुतीची तपासणी काही निवडक उदाहरणांच्या आधारे करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. आरागोची अपेक्षा आणि उलटी अक्षरे

लुई दागेर याच्या प्रक्रियेची पहिली वार्ता फ्रान्स्वा आरागो या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ७ जानेवारी १८३९ रोजी दिली, आणि त्याच वर्षीच्या १९ ऑगस्टला तिचे तपशील जाहीर झाले. या दोन तारखांच्या दरम्यान फ्रेंच विधिमंडळापुढे केलेल्या निवेदनात आरागोने या शोधाची जी उपयुक्तता सांगितली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. थीब्ज, मेम्फिस, कर्नाक येथील स्मारकांवरील लक्षावधी चित्रलिपी-चिन्हांची नक्कल करावयाची तर चित्रकारांची फौज आणि अनेक दशके लागतील. दागेरच्या यंत्राने मात्र एकच माणूस हे काम पार पाडील, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे छायाचित्रण जन्मले त्याच वर्षी त्याच्यावर दूरदेशीच्या पुराव्याचे संकलन करण्याची कामगिरी सोपविण्यात आली.

ही कामगिरी आणि हे साधन यांचा मेळ मात्र तितकासा नव्हता. दागेरची प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. ती एकुलती एक असे. तिच्यावरून दुसरी प्रत काढता येत नसे. शिवाय आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे ती उलटी असे, म्हणजे डावे उजवीकडे व उजवे डावीकडे. भिंगापुढे लोलक किंवा आरसा बसवून हा दोष टाळता येई. पण त्यामुळे प्रकाश कमी होऊन प्रकाशनाचा काळ वाढे. एखाद्या रोमन शिलालेखाचे उलटे चित्र पाहणाऱ्याच्या ताबडतोब लक्षात येईल. इजिप्तच्या चित्रलिपीची गोष्ट वेगळी आहे. ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशा दोन्ही दिशांनी लिहीत असत, आणि पशुपक्ष्यांची व माणसांची तोंडे ज्या बाजूला असतील ती ओळीची सुरुवात, असा नियम होता. त्यामुळे उलट्या प्रतिमेतील ओळ सकृद्दर्शनी बिनचूकच दिसते. वाचन बिघडत नाही, परंतु मूळ लेख भिंतीवर कोणत्या दिशेने कोरला होता आणि कोणत्या मूर्तीकडे त्याचा रोख होता, याविषयी अभ्यासकाची दिशाभूल होऊ शकते. ज्या पुराव्यासाठी हे साधन वाखाणले गेले, त्याच पुराव्यात ते चूक घडवून आणी, आणि ती चूक स्वतःहून उघडकीस येण्यासारखी नव्हती.

तरीही प्रवासी थांबले नाहीत. प्रक्रिया जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत होरेस व्हर्ने हा चित्रकार आणि फ्रेदेरिक गूपिल-फेस्के हे अलेक्झांड्रियात पोहोचले, आणि ७ नोव्हेंबर १८३९ रोजी महंमद अलीच्या राजवाड्यातील जनानखान्याची बाह्य बाजू त्यांनी पत्र्यावर उतरविली. आफ्रिका खंडातील अगदी पहिल्या छायाचित्रांत तिची गणना होते. त्याच सुमारास जोली द लोतबिनिएर याने अथेन्सच्या अक्रोपोलिसची चित्रे घेतली होती. पुढे झिरो द प्रांजे याने १८४२ ते १८४५ या काळात इटली, ग्रीस, इजिप्त, सीरिया, पॅलेस्टाइन आणि तुर्कस्तान पालथे घालून आठशेंहून अधिक पत्रे तयार केले. ते त्याच्या हयातीत जवळजवळ अज्ञातच राहिले.

लोकांपर्यंत पोहोचले ते वेगळ्या मार्गाने. लरबूर या पॅरिसच्या चष्मेकार-प्रकाशकाने अशा पत्र्यांवरून कोरीव ठसे करवून १८४० नंतरच्या काही वर्षांत एक चित्रमालिका प्रसिद्ध केली. दीर्घ प्रकाशनामुळे मूळ पत्र्यांवर चालती-फिरती माणसे उमटतच नसत. रस्ते आणि प्रांगणे ओस दिसत. म्हणून ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी त्यांत उंट, गाढवे, फेटेवाले वाटसरू आपल्या कल्पनेने भरले. इमारत यंत्राची, माणसे मात्र कोरणाराची, अशी ही चित्रे होती. प्रवासी छायाचित्रात स्थानिक माणसाचा प्रवेश झाला तो सजावटीच्या रूपाने, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

२. मोजपट्टी झालेला नावाडी

मॅक्सिम द्यू कां हा तरुण लेखक नोव्हेंबर १८४९ मध्ये फ्रेंच शिक्षणखात्याची कामगिरी घेऊन इजिप्तकडे निघाला. त्याच्यासमवेत मित्र म्हणून गुस्ताव्ह फ्लोबेर होता. द्यू कांने दागेरची पद्धत सोडून कागदी निगेटिव्हची पद्धत स्वीकारली होती. फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाच्या शोधावर आधारलेल्या या पद्धतीत एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत, आणि पुस्तकाच्या दृष्टीने हाच तिचा निर्णायक गुण होता. त्याने दोनशेंहून अधिक निगेटिव्ह आणली. त्यांपैकी १२५ चित्रांचा ग्रंथ १८५२ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. प्रती लील येथे ब्लांकार-एव्हरार याच्या कारखान्यात काढल्या होत्या. छायाचित्रांनी सजविलेल्या प्रवासग्रंथांचा हा एक आद्य नमुना होय.

या ग्रंथातील कित्येक चित्रांत स्मारकाच्या एखाद्या कोपऱ्यात, कधी खांबाच्या पायथ्याशी तर कधी मूर्तीच्या मस्तकावर, एक लहानशी मनुष्याकृती दिसते. अबू सिंबेल येथील वाळूत बुडालेल्या प्रचंड मूर्तीच्या मुकुटावरही ती आहे. हा हाजी इस्माईल, द्यू कांच्या होडीवरील एक न्यूबियन नावाडी. स्मारकांचे आकारमान वाचकाला समजावे म्हणून एकच माणूस सर्वत्र उभा करावयाचा, ही योजना शास्त्रीय दृष्ट्या चांगलीच होती. पण चित्र पुरे होईपर्यंत त्याने निश्चल राहणे आवश्यक होते. त्यासाठी योजलेली युक्ती द्यू कांने आपल्या नाईल नदीवरील पुस्तकात स्वतःच नमूद केली आहे. यंत्रातून बाहेर आलेली भिंगाची पितळी नळी ही तोफ असून हलल्यास तिच्यातून गोळ्यांचा वर्षाव होईल, असे त्याने इस्माईलला सांगितले होते.

द्यू कांने ही हकीकत विनोद म्हणून सांगितली. इतिहासकाराला तिच्यात अधिक काही दिसावयास हवे. चित्रातील इस्माईलची स्तब्धता ही विश्रांतीची किंवा चिंतनाची नाही. ती भीतीची आहे. केवळ चित्राकडे पाहून हे कोणालाही कळणार नाही. स्मारकाच्या भव्यतेपुढे विनम्र झालेला पौर्वात्य माणूस, असाच अर्थ युरोपीय वाचकाने त्या आकृतीतून काढला असला तर त्यात नवल नाही. छायाचित्र आणि त्याच्या भोवतालचे लेखन ही दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्या स्तब्धतेचे कारण हाती लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, या एका प्रकरणात त्या माणसाचे नाव तरी शिल्लक राहिले. पुढील चाळीस वर्षांतील हजारो चित्रांत आकाराचे माप म्हणून उभ्या राहिलेल्या माणसांना ते भाग्यही लाभले नाही.

या छायाचित्रांचे पुरावा म्हणून असलेले मोल मात्र याने कमी होत नाही. आस्वानच्या मोठ्या धरणामुळे अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. द्यू कांच्या चित्रातील जागा आज पाण्याखाली आहे. मूर्तींची मूळ जागेवरील स्थिती, वाळूची पातळी, नदीशी असलेले नाते यांची साक्ष अशी जुनी चित्रेच देतात. तीच साक्ष स्वीकारताना इस्माईलची गोष्ट विसरू नये, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

३. ओली काच आणि ओझेकरी

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून ती काच प्रकाशग्राही करावयाची, आणि थर ओला असतानाच चित्र घेऊन लगोलग ते स्पष्टही करावयाचे, असा तिचा क्रम होता. या सर्व क्रिया सुमारे पंधरा मिनिटांच्या आत उरकाव्या लागत. कागदी निगेटिव्हपेक्षा तपशील कितीतरी अधिक स्पष्ट मिळे; मात्र जेथे चित्र घ्यावयाचे तेथेच काळोखी खोली उभी करणे भाग पडे. तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी आणि अवजड कॅमेरा ही सगळी सामग्री दृश्यापर्यंत वाहून न्यावी लागे.

फ्रान्सिस फ्रिथ याने १८५६ ते १८६० च्या दरम्यान इजिप्त व पॅलेस्टाइनच्या तीन सफरी याच पद्धतीने केल्या. त्याच्या मोठ्या काचा १६ इंच रुंद व २० इंच लांब होत्या. तंबूतील उष्म्याने कलोडियन काचेवर ओतताच उकळू लागे, असे तो सांगतो. कित्येकदा त्याने खडकात खोदलेल्या प्राचीन थडग्यांचा काळोखी खोली म्हणून उपयोग केला. इंग्लंडला परतल्यावर त्याने रायगेट येथे जी चित्रप्रकाशन-संस्था उभारली, तिने देशोदेशीची दृश्ये घरोघर पोहोचविली.

भारतात या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग सॅम्युएल बोर्न याने केला. नॉटिंगहॅमच्या एका पेढीतील ही कारकुनी सोडून तो १८६३ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला आणि पुढे सिमल्यात भागीदारीत व्यवसाय करू लागला. त्यातूनच बोर्न अँड शेफर्ड ही प्रसिद्ध पेढी निर्माण झाली. तिचा कलकत्त्यातील चित्रगृहाचा व्यवसाय २०१६ पर्यंत टिकून होता. १८६३, १८६४ आणि १८६६ या वर्षी बोर्नने हिमालयात तीन मोहिमा काढल्या. पहिल्या मोहिमेत सतलजच्या खोऱ्यात तो सुमारे दहा आठवडे हिंडला आणि सामान वाहण्यास त्याच्यापाशी सुमारे तीस ओझेकरी होते. तिसऱ्या मोहिमेत मणिरंग खिंडीत, १८,६०० फूट उंचीवर, त्याने चित्रे घेतली. इतक्या उंचीवर छायाचित्र घेण्याचा हा विक्रम पुढे सुमारे वीस वर्षे अबाधित होता.

या मोहिमांची वर्णने बोर्नने इंग्लंडमधील छायाचित्रण-नियतकालिकात लिहिली. त्यांत निसर्गवर्णनाइतकीच जागा ओझेकऱ्यांविषयीच्या तक्रारींनी व्यापली आहे. ते वाटेत सामान टाकून पळून जात, खेड्यांतून लपून बसत, आणि त्यांना शोधून काठीच्या धाकाने परत आणावे लागे, असे तो निःसंकोचपणे सांगतो. सिमल्याच्या परिसरातील डोंगरी संस्थानांत त्या काळी ‘बेगार’ ही सक्तीच्या मजुरीची पद्धत रूढ होती. ती मोडून काढण्याची चळवळ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकारंभी झाली. मराठीतील ‘वेठबिगार’ या शब्दात संस्कृत ‘विष्टि’पासून आलेले ‘वेठ’ आणि फारसीतून आलेले ‘बेगार’ असे दोन समानार्थी शब्द जोडले गेले आहेत. एकाच गोष्टीला दोन राजवटींच्या भाषांतील शब्द जोडीने चिकटावेत, यावरून ती किती खोल रुजली होती, याची कल्पना येते. उन्हाळ्याच्या किंवा सुगीच्या दिवसांत शेत सोडून काचांच्या पेट्या बर्फातून वाहून नेण्यास डोंगरातील शेतकऱ्याने नाखूष असावे, यात आळस किंवा भित्रेपणा शोधण्याचे कारण नाही. परंतु बोर्नच्या चित्रांतून दिसतात ती शिखरे, देवदार आणि हिमनद्या. दृश्य डोळ्यांपुढे आणणारे श्रम त्या दृश्याच्या चौकटीबाहेर राहतात.

४. आधी चित्र, मग स्थळ

कोठे थांबावयाचे आणि काय घ्यावयाचे, याचा निर्णय केवळ रसायनांवर अवलंबून नव्हता. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन याने ‘पिक्चरेस्क’ ही सौंदर्यकल्पना रूढ केली. चित्रात जे शोभेल ते पिक्चरेस्क, असा तिचा थोडक्यात आशय होता. या शब्दाची रचना पाहण्याजोगी आहे. येथे चित्र हे मूळ आणि स्थळ हे त्याची उपमा. त्या काळचे हौशी प्रवासी काळसर बहिर्गोल आरसा हाती घेऊन निसर्गाकडे पाठ फिरवीत आणि आरशातील चौकटीत ते दृश्य जुन्या चित्रकारांच्या चित्रासारखे दिसते का, हे पाहत. कॅमेऱ्याच्या आधी अर्धशतक प्रवाशांची नजर अशी तयार झाली होती.

बोर्न ही नजर घेऊनच हिमालयात गेला. हिमालयाची विशालता त्याला मान्य होती. पण ती चौकटीत मावत नाही आणि तिच्यात तळी, हिरवळ व मृदुता यांचा अभाव आहे, अशी त्याची तक्रार होती. काश्मीरमध्ये पाणी, झाडे व पूल एकत्र आढळल्यावर मात्र त्याचे समाधान झाले. आज काश्मीरच्या कोणत्याही पर्यटनपत्रिकेत जी दृश्ये आढळतात, त्यांची रचना बोर्नच्या चित्रांशी कमालीची मिळतीजुळती आहे. ती रचना काश्मिरी माणसाच्या आपल्या भूमीविषयीच्या जाणिवेतून आलेली नाही.

साधनाची मर्यादा आणि नजरेची सवय यांचा एक संयुक्त परिणाम येथे सांगावयास हवा. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फाजील आणि तांबड्या-पिवळ्या प्रकाशाला अत्यल्प संवेदनशील होत्या. त्यामुळे आकाश पांढरे पडे, ढग नाहीसे होत, आणि झाडी काळवंडे. गुस्ताव्ह ल ग्रे याने सागराची व आकाशाची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन १८५६-५७ च्या सुमारास ती एका चित्रात जोडली. ही जोडणी लबाडीने नव्हे, तर डोळ्यांना दिसते त्याच्या अधिक जवळ जाण्यासाठी होती. पण ढग निराळ्या दिवसाचे आणि लाटा निराळ्या दिवसाच्या असू शकतात, हे पाहणाराला कळण्याचा मार्ग नव्हता.

याहून गंभीर उदाहरण लखनौचे आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये सिकंदरबागेत झालेल्या भीषण कत्तलीनंतर काही महिन्यांनी, १८५८ च्या वसंतात, फेलिचे बेआटो तेथे पोहोचला. भग्न इमारतीपुढील अंगणात विखुरलेल्या अस्थी आणि आसपास उभी असलेली काही माणसे, असे त्याचे प्रसिद्ध चित्र आहे. झाकलेले अवशेष छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करावयास लावले, अशी आठवण एका तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. हे चित्र १८५७ च्या घटनांचे प्रत्यक्ष दर्शन म्हणून अनेक पुस्तकांतून छापले जाते. वास्तविक ते १८५८ मधील एका मांडणीचे दर्शन आहे. घटना आणि चित्र यांमधील काही महिन्यांत काय घडले, हाच येथे इतिहासाचा विषय होतो.

५. अजिंठा आणि मुंबई

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नाचे दोन नमुने एकमेकांच्या शेजारी आढळतात. मेजर रॉबर्ट गिल याची ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलरंगातील नकलांचा बहुतेक भाग लंडनजवळ सिडनम येथील स्फटिकप्रासादाला डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत भस्मसात झाला. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळला होता. त्याच्या ७४ द्विनेत्री छायाचित्रांचा, जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह सिद्ध झालेला, भारतातील शैलमंदिरांवरील ग्रंथ १८६४ मध्ये निघाला.

येथे साधनाची मर्यादा पुन्हा आड आली. लेण्यांतील अपुऱ्या प्रकाशात आणि तांबड्या-पिवळ्या रंगांना आंधळ्या असलेल्या काचांवर गेरूच्या व काव्याच्या छटा उमटणे शक्य नव्हते. कॅमेऱ्याच्या हाती स्तंभ, चैत्यगवाक्षे आणि शिल्पे लागली. चित्रे कुंचल्याकडेच राहिली. म्हणून १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन नकलांचे काम पुन्हा हाती घेतले, आणि त्यांतील बऱ्याच नकलांनाही १८८५ मध्ये लंडनलाच आग लागली. अजिंठ्याची शिल्पे व वास्तू जगाला आधी परिचित झाल्या आणि रंगांचा परिचय तुकड्यातुकड्यांनी, उशिरा झाला, याच्या कारणांत या रासायनिक वस्तुस्थितीचीही गणना करावयास हवी.

दुसरा नमुना मुंबई शहराचा. मुंबईची छायाचित्रण-संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हा व्यावसायिक छायाचित्रकार याच वर्गात तयार झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या कार्यकारिणीत होते व स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. म्हणजे कॅमेऱ्यामागे केवळ परदेशी माणूस होता, असे म्हणता येत नाही. या विद्येला मुंबईकरांनी दीड दशकाच्या आत आपलेसे केले होते.

याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने शहरातील रहिवासी व येणारेजाणारे यांच्या जातिजमातींचा द्विखंडात्मक चित्रसंग्रह १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा खंड मुख्यतः महाराष्ट्रातील लोकांविषयी आहे. त्यातील अनेक चित्रे संयुक्त आहेत. माणसे चित्रगृहात बसवून घेतली आणि नंतर ती निराळ्याच ठिकाणच्या दृश्यांवर चिकटवून एकच छायाचित्र तयार केले. त्या माणसांचा आणि त्या पार्श्वभूमीचा प्रत्यक्षात काहीही संबंध नसेल. तरी खालील मजकूर त्या संयोगाला जातीचे नाव देतो, आणि व्यक्तीचे नाव गळून पडते. सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय लोकांविषयीच्या आठ खंडांत हीच पद्धत राज्यकारभाराची सामग्री बनली. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर विशेषनामाच्या जागी सामान्यनाम आले. वाक्यात हा बदल वाचकाच्या नजरेस चटकन येतो; चित्राखालच्या ओळीत तो सहज खपून जातो.

६. मथळा आणि प्रतिवाद

मथळ्याचे सामर्थ्य जॉन थॉमसन या स्कॉटिश छायाचित्रकाराने पुरेपूर ओळखले होते. १८६६ मध्ये, त्या वेळी सयामच्या अमलाखाली असलेल्या, अंकोरची पहिली छायाचित्रे त्याने घेतली. चीनमधील दीर्घ प्रवासांनंतर १८७३-७४ मध्ये त्याचा चीन व तेथील लोक यांविषयीचा चार खंडांचा, दोनशे छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक चित्राला जोडून विस्तृत लेख आहे. कॅमेरा हे डोंगर भेदून गुप्त संपत्ती पाहणारे आणि माणसाचे प्राण शोषणारे यंत्र असल्याच्या समजुतीमुळे लोक आपल्याला घातक मांत्रिक समजत आणि प्रसंगी दगड मारीत, असे तो लिहितो. त्याने ही समजूत भाबडेपणात जमा केली. परंतु अफूच्या युद्धांनंतरच्या चीनमध्ये परदेशी माणसाने नकाशे, चित्रे व मोजणीची उपकरणे घेऊन हिंडावे आणि त्यामागून तहाच्या नव्या अटी याव्यात, हा लोकांचा अनुभव होता. त्यांचा संशय रसायनशास्त्राच्या दृष्टीने चूक आणि इतिहासाच्या दृष्टीने बराचसा रास्त होता. १८८६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने याच थॉमसनची भावी संशोधक-प्रवाशांना छायाचित्रण शिकविण्यासाठी नेमणूक केली, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

ज्यांची चित्रे घेतली जात होती त्यांच्याकडून या नजरेला उत्तर मिळालेच नाही, असे मात्र नाही. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह स्वतः कॅमेरा चालवीत. तुर्कस्तानचा सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने आपल्या साम्राज्यातील शाळा, रुग्णालये, कारखाने व लष्करी संस्था यांच्या छायाचित्रांचे ५१ संग्रह करवून १८९३-९४ च्या सुमारास अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला भेट दिले. युरोपीय प्रवाशांनी ज्या देशात भग्नावशेष, बाजार आणि बुरखे पाहिले, त्याच देशात सुलतानाने गणवेशातील विद्यार्थिनी दाखविल्या. हीही एक मांडणीच होती. तिच्यातून दारिद्र्य आणि असंतोष वगळलेले होते. परंतु प्रेक्षणीय काय, हे ठरविण्याचा अधिकार एकाच पक्षाचा नाही, हे तिने दाखवून दिले.

१८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि शंभर चित्रांची गुंडाळी असलेली पेटी कोणाही प्रवाशाच्या हाती पडली. ओझेकरी, काळोखी तंबू आणि चांदीची द्रावणे यांचे युग संपले. साधन हलके झाले; पण कोठे उभे राहावयाचे, हे तोवर ठरून गेले होते. नव्या प्रवाशाने बहुधा तेच घेतले, जे त्याने फ्रिथच्या किंवा बोर्नच्या चित्रांत आधी पाहिले होते. आल्बेर कान याने १९०९ ते १९३१ या काळात रंगीत काचांवर जगाचा संग्रह करविला. त्यात सुमारे ७२,००० चित्रे आहेत. बदलत्या जगाची नोंद ठेवावी, हा त्याचा हेतू उदार होता. तथापि त्या काचांनाही काही सेकंदांचे प्रकाशन लागे, आणि माणसांना त्यांच्यापुढेही स्तब्धच राहावे लागे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून प्रवासी छायाचित्रे त्याज्य ठरतात, असा अर्थ कोणी काढू नये. निषेध किंवा गौरव यांपेक्षा त्यांचे पाठचिकित्सेच्या पद्धतीने वाचन होणे अगत्याचे आहे. त्यासाठी निदान चार प्रश्न विचारणे आवश्यक दिसते. चित्र कोणत्या प्रक्रियेने घेतले आणि त्या प्रक्रियेला काय दिसू शकत नव्हते? ते घेण्यापूर्वी घेणाऱ्याच्या मनात कोणते चित्र होते? मथळा कोणी, कोणत्या भाषेत व कोणासाठी लिहिला? आणि त्यातील माणसे तेथे स्वेच्छेने होती, मजुरीने होती, की धाकाने? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्र स्वतः बऱ्याच अंशी देते. बाकीच्या तिहींसाठी रोजनिशा, पत्रे, हिशेबाच्या वह्या आणि विक्रीच्या सूची यांकडे वळावे लागते.

ही चिकित्सा आज अधिक निकडीची झाली आहे. जगातील मोठ्या संग्रहालयांनी आपली जुनी छायाचित्रे संगणकावर सर्वांना खुली केली आहेत, आणि त्यांसोबत एकोणिसाव्या शतकातील मथळेही बहुधा जसेच्या तसे पुढे आले आहेत. जातिनामे, अपभ्रष्ट ग्रामनामे आणि ‘स्थानिक’, ‘कुली’, ‘नमुना’ असे शब्द शोधसूचीतील विषय बनले आहेत. मराठी मुलखातील छायाचित्रांपुरते तरी हे मथळे तपासणे, गावांची नावे मूळ रूपात लावणे, आणि दप्तरांच्या आधारे जेथे शक्य असेल तेथे माणसांची नावे पुन्हा जोडणे, हे काम येथील विद्यापीठांतील इतिहास व भाषा या दोन्ही विभागांच्या आवाक्यातील आहे. हाजी इस्माईलचे नाव आपल्याला ठाऊक आहे, याचे कारण द्यू कांने ते लिहून ठेवले, एवढेच. बोर्नच्या ओझेकऱ्यांची आणि जॉन्सनच्या चित्रगृहात बसलेल्या मुंबईकरांची नावे कोठे लिहिलेली असतील, तर ती शोधावयास हवीत.